शांत दिवसांचा बंदोबस्त



दंगलीविषयी बोलताना मराठीत आपण कोणती क्रियापदे वापरतो, ते एकदा आठवून पाहा. दंगल उसळते. दंगल भडकते, पेटते, पसरते, आणि चार दिवसांनी शमते. सगळी क्रियापदे आगीची, नाहीतर पाण्याची. घाटात दरड कोसळावी किंवा नदीला पूर यावा, तसे काहीतरी आपल्यावर येऊन आदळले, असा त्यांचा सूर. अमुक माणसाने अमुक ठिकाणी दंगल केली, असे कर्ता असलेले वाक्य फक्त पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत सापडते. आज मला या भाषेशीच भांडायचे आहे. शहरातली दंगल हा निसर्गाचा कोप नाही. तिची तयारी होते, आणि ती होऊ न देण्याचीही तयारी करता येते. मात्र ही दुसरी तयारी दंगलीच्या दिवशी करता येत नाही. ती एरवीच्या, कंटाळवाण्या, वर्तमानपत्रात न येणाऱ्या दिवसांत करावी लागते. ती करणारी माणसेही मंत्रालयात किंवा आयुक्तालयात बसत नाहीत. ती ठाण्याच्या आणि मोहल्ल्याच्या अगदी तळाशी असतात. माझे म्हणणे एवढेच आहे. पण ते नुसते सांगून भागणार नाही, पटवून द्यावे लागेल. म्हणून आधी भिवंडीला जाऊ.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. रात्रंदिवस खडखडणारे लूम, सुताच्या गाठी वाहणाऱ्या हातगाड्या, अंगाला अंग घासेल अशा गल्ल्या. मोमिन विणकर, कोकणी मुसलमान, आगरी, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, सुताचे व्यापारी, सगळे एकाच धाग्यावर जगणारे. आणि तरीही या गावाच्या नावापुढे दंगल हा शब्द चिकटून बसला होता. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल झाली, ती जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. एकट्या भिवंडीत ७५हून अधिक माणसे मेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. तो अहवाल आजही वाचावा असा आहे, कारण त्यात दंगलीच्या दिवसापेक्षा दंगलीच्या आधीचे महिनेच जास्त बोलतात. कोणत्या संघटना कधी निघाल्या, मिरवणुकीच्या मार्गावरून कसे वाद झाले, झेंड्याच्या काठ्या म्हणून लाठ्या कशा आणल्या गेल्या, हे सगळे त्यात टप्प्याटप्प्याने येते. नंतरचा तपासही पक्षपाती झाला, असे आयोगाने स्पष्ट सांगितले. अहवाल आला आणि कपाटात गेला. १४ वर्षांनी, मे १९८४मध्ये, त्याच भिवंडीत पुन्हा तेच झाले. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली आणि अडीचशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली.

आता ६ डिसेंबर १९९२ आठवा. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई दोनदा पेटली, आधी डिसेंबरात आणि मग जानेवारीत. (पाहा, मीही 'पेटली' म्हणालो, ही क्रियापदे इतकी खोल रुजली आहेत.) या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मेली, २,०३६ जखमी झाली. देशातल्या कुणालाही त्या दिवशी विचारले असते की महाराष्ट्रात सर्वांत आधी कोणते गाव जाईल, तर उत्तर भिवंडी हेच आले असते. भिवंडीत दंगल झाली नाही. मुंबईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, तीच बातमी, तोच संताप, तीच भीती, १९७० आणि १९८४च्या त्याच आठवणी, आणि दंगल झाली नाही. का झाली नाही?

१९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले होते. त्यांनी प्रत्येक वस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. त्याआधी शांतता समित्या नव्हत्या असे नाही. प्रत्येक शहरात असतात. सण आला की ठाण्यात चहा होतो, दोन नगरसेवक, एक मौलाना, एक गणेश मंडळाचा अध्यक्ष आणि एक डॉक्टर असे ठरलेले चेहरे येतात, छायाचित्र निघते आणि पुढच्या सणापर्यंत सगळे आपापल्या घरी. खोपडे यांच्या समितीत तीन गोष्टी वेगळ्या होत्या. ती सणापुरती नव्हती, नियमित बसायची. तिच्यात पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली माणसे होती, दोन्ही समाजांतली आणि जवळपास सारख्या संख्येने. आणि तिच्याशी बांधलेला पोलीस हा वरचा साहेब नव्हता. तो त्या भागात रोज दिसणारा फौजदार, हवालदार, शिपाई होता. ऐकायला हे अगदी साधे वाटते. एवढ्याने दंगल कशी थांबेल, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

त्यासाठी अशा बैठकीत बोलणे कशावर होते ते पाहायला हवे. हिंदू-मुस्लीम ऐक्यावर तिथे भाषणे होत नाहीत. गटार तुंबले आहे, कोपऱ्यावर रात्री दारू विकली जाते, कारखान्याच्या मालकाने भिंत पुढे सरकवली, अमक्याचा मुलगा शाळेच्या वाटेवर मुलींना त्रास देतो, असले विषय निघतात. नळावरचे भांडण घ्या. पहाटे पाणी येते, तासभर टिकते. हंड्यांची रांग लागते आणि कुणाचा तरी हंडा कुणीतरी मागे सारतो. दोन बायकांची बाचाबाची होते. संध्याकाळी त्यांचे नवरे एकमेकांवर धावून जातात. इथपर्यंत ते दोन घरांचे भांडण असते. रात्री एकजण ठाण्यात जातो, त्याची तक्रार कुणी घेत नाही. दुसरा आपल्या 'भाई'कडे जातो, तो लगेच चार पोरे पाठवतो. सकाळपर्यंत दोन घरांची नावे गळून पडलेली असतात आणि दोन धर्मांची नावे उरलेली असतात. मोहल्ला समितीचे काम नेमके या एका रात्रीत असते. नावे गळून पडण्याआधी तिथे हवालदार पोहोचला, दोन्ही बाजूंचे ओळखीचे चार शेजारी पोहोचले, तर भांडण हंड्याचेच राहते. असे शंभर हंडे हंडेच राहिले, तर कुणी वरून ठिणगी टाकली तरी खाली पेंढा सापडत नाही.

दुसरा लाभ याहून मोठा. शिपायाला माणसे कळतात आणि माणसांना शिपाई कळतो. १९७०मध्ये भिवंडीच्या मुसलमानाला पोलीस म्हणजे दुसऱ्या बाजूचा माणूस वाटला. तसे वाटायला आधार होता, हे मादन आयोगानेच सांगितले. हवालदारालाही ती वस्ती म्हणजे एक अंधारी गल्ली वाटत होती, जिच्यात एकट्याने जायचे नाही. भीती दोन्हीकडे होती. घाबरलेला माणूस आधी हात उचलतो, मग तो गल्लीतला तरुण असो की रायफल घेतलेला जवान. वर्षानुवर्षे एकत्र बसल्यावर ही भीती ओसरते. म्हणून डिसेंबर १९९२मध्ये अफवा आली तेव्हा ती ज्याच्या कानावर पडली त्याला विचारायला कुणीतरी होते. खोपडे तोपर्यंत भिवंडीत नव्हते. उपायुक्तपदी गुलाबराव पोळ होते. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. एक कर्तबगार अधिकारी बदलून गेला, तरी त्याने लावलेली सवय उभी राहिली.

हे एकाच गावाचे नशीब, असे कुणी म्हणेल. योगायोग असेल. शंका रास्त आहे, म्हणून भिवंडीबाहेर पाहू. राजकारणाचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लीम हिंसेचा तपशीलवार अभ्यास केला. त्यात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. या हिंसेत खेड्यांत गेलेले बळी एकूण बळींच्या चार टक्क्यांहून कमी होते, आणि जवळपास निम्मे मृत्यू केवळ आठ शहरांत झाले होते. मुंबई त्यांतले एक. म्हणजे ही देशभर सारखी पसरलेली व्याधी नाही. ती काही शहरांची आहे, आणि त्या शहरांतल्याही काही भागांची. मग त्यांनी जोड्या लावून तुलना केली. केरळातले कालिकत आणि उत्तर प्रदेशातले अलिगढ, दोन्हीकडे मुसलमानांचे प्रमाण मोठे. कालिकत शांत, अलिगढ वारंवार अशांत. फरक कुठे निघाला? कालिकतमध्ये व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, पक्षांच्या शाखा यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र होती. अलिगढमध्ये त्या वेगवेगळ्या होत्या. डिसेंबर १९९०मध्ये अलिगढमधल्या काही वृत्तपत्रांनी, विद्यापीठाच्या रुग्णालयात हिंदू रुग्णांना मारले जात आहे, अशी बातमी छापली. ती धादांत खोटी होती. पण ती खोटी आहे हे सांगायला कोण जाणार होते, आणि सांगितले तरी ऐकणार कोण होते? १९९२-९३च्या सुरतमध्येही हेच दिसले. जुने शहर, जिथे दोन्ही समाज धंद्याने बांधलेले, ते बहुतांशी शांत राहिले. मृत्यू झाले ते नव्या औद्योगिक झोपडपट्ट्यांत, जिथे कुणी कुणाला ओळखत नव्हते.

याहून गंभीर आक्षेप असा : दंगली राजकारणी घडवतात, तुमच्या मोहल्ला समित्या त्यांच्यापुढे काय करणार? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ज्या सरकारला दंगल नको असते ते ती दोन दिवसांत थांबवू शकते, हे अनेक राज्यांत दिसले आहे. वरून आदेश नसेल तर खालचा हवालदार एकटा काही करू शकत नाही. ही गोष्ट मान्य. पण उलटेही तितकेच खरे आहे. वरून आदेश आला आणि खाली तो पोहोचवणारे हात नसतील, तर आदेश कागदावर राहतो. आणि राजकारण्यालाही दंगल घडवायला कच्चा माल लागतो. तो माल म्हणजे न मिटलेली भांडणे, न घेतलेल्या फिर्यादी, एकमेकांना न ओळखणारे शेजारी. तो वस्तीत मिळेनासा झाला, तर त्याचा खर्च वाढतो. समिती राजकारण संपवत नाही, ती राजकारण महाग करते. लोकशाहीत एवढे मिळाले तरी मोठी कमाई आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक बोचतो. समिती म्हणजे पोलिसांचे खबऱ्यांचे जाळे आणि दलालांचा अड्डा. हे होते. अनेक ठिकाणी झाले आहे. ठाण्यात ओळख आहे या बळावर लोक समितीचे कार्ड खिशात घालून फिरतात. पण खबऱ्या आणि समितीचा सदस्य यांच्यात एक मूलभूत फरक असतो. खबऱ्या एकटा, लपून, मागल्या दाराने बोलतो. सदस्य चारचौघांत, दुसऱ्या समाजाच्या माणसासमोर बोलतो. बैठक उघडी राहिली, माणसे बदलत राहिली, तर दलालाला तिथे जागा उरत नाही. बैठक बंद पडली की मात्र फक्त दलाल उरतात. आणि बैठका बंद पडतातच. पुरावा पुन्हा भिवंडीचाच आहे, आणि तो मला लपवता येणार नाही. जुलै २००६मध्ये त्याच भिवंडीत, कब्रस्तानाची मानल्या जाणाऱ्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून हिंसा झाली. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. ज्या गावाने १९९२ पचवले, त्याला ठाण्याच्या इमारतीचा वाद पचवता आला नाही. यातून मोहल्ला समितीचा विचार फसला असे निघते का? मला तसे वाटत नाही. मला दिसते ते हे, की एकदा मिळवलेली शांतता बँकेत ठेव म्हणून ठेवता येत नाही. ती रोज कमवावी लागते.

आता प्रतिबंध संपून प्रतिसाद सुरू होतो तो क्षण घेऊ. जमाव जमला आहे, दगड पडू लागले आहेत. जमावाला डोके नसते, असे आपण म्हणतो. हा समज जुना आहे. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँ याने १८९५मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले, आणि जगभरच्या पोलिसांनी तो खरा मानला. तो खरा मानला की उपाय एकच उरतो : सगळ्यांवर एकाच वेळी लाठी चालवा. पण जवळून पाहिलेले जमाव असे वागत नाहीत. एप्रिल १९८०मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सेंट पॉल्स वस्तीत एका कॅफेवर पोलिसांनी छापा घातला आणि दंगल झाली. स्टीफन रायशर या मानसशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला. लोकांनी पोलिसांच्या गाड्यांवर हल्ले केले, काही दुकाने आणि बँक फोडली. पण वस्तीतल्या घरांना हात लावला नाही, वस्तीची सीमा ओलांडली नाही, आणि मध्येच काहीजण रहदारीही वळवत होते. म्हणजे त्या गर्दीला डोके होते. आपण कोण, शत्रू कोण, याची तिला स्पष्ट जाणीव होती. यातून पोलिसांसाठी एक कठोर धडा निघतो. जमावात दगड मारणारे थोडे असतात आणि पाहायला आलेले, रागावलेले पण हात न उचललेले खूप असतात. तुम्ही सगळ्यांवर सरसकट लाठी चालवली, की दुसरा गट पहिल्यात सामील होतो. ते काम दंगलखोराला जमले नसते, ते पोलिसांनी करून दिले, असा त्याचा अर्थ.

मुंबईच्या आकड्यांकडे या नजरेने पाहा. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची कारणे वेगळी केली. त्यांतले ३५६ पोलिसांच्या गोळीबारात झाले. ३४७ भोसकून. जाळपोळीत ९१. म्हणजे सर्वांत मोठे एकच कारण कोणते, तर कायदा राखणाऱ्यांचीच बंदूक. त्यांतल्या काही गोळ्या जीव वाचवण्यासाठी सुटल्या असतील, हे मी नाकारत नाही. पण सगळ्या? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, १० जण गेले. चौकशी आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. विचार करा, त्या सकाळी तिथे वस्तीला ओळखणारे, वस्ती ज्यांना ओळखते असे चार पोलीस पुढे असते तर? राखीव दल हे बाहेरचे असते, त्याला गल्ली माहीत नसते. ते हवेच, पण ते शेवटी यायला हवे, आणि आले तरी पुढे स्थानिक माणूस हवा. आपल्याकडे नेमके उलटे चालते. बीट हवालदार व्हीआयपी बंदोबस्ताला दुसऱ्या टोकाला पाठवलेला असतो आणि त्याच्या वस्तीत अनोळखी तुकडी उभी असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये प्रकाश सिंग खटल्यात तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करा, ठाणेदाराला किमान मुदत द्या, असे सांगितले होते. त्याला दोन दशके होत आली, तरी चित्र तेच आहे.

मोबाईलने हे सगळे जुने केले, असेही कुणी म्हणेल. अफवा आता सेकंदात जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातली पाच निरपराध माणसे ठेचून मारली गेली, ती अशाच फिरत्या संदेशांनी तापलेल्या वातावरणात. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दुपारच्या आंदोलनानंतर अफवा पसरली आणि संध्याकाळी महाल भागात हिंसा झाली, एकाचा जीव गेला, अनेक भागांत संचारबंदी लागली. यावर सरकारचा हमखास उपाय इंटरनेट बंद करण्याचा. पण इंटरनेट बंद केले की अफवा थांबत नाही, ती तोंडी चालू राहते; थांबतो तो खुलासा. अफवेच्या तोडीचा वेग फक्त एका गोष्टीला असतो : ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या फोनला. दुपार ते संध्याकाळ हे काही तास असतात. त्या तासांत कोण कुणाला फोन करणार, हे आधीच ठरलेले असावे लागते. तो नंबर त्या दिवशी शोधून चालत नाही.

आणि ज्या वेळी असे नंबर असतात, तेव्हा काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुंबईत लाखोंची विसर्जनाची गर्दी आणि त्याच रस्त्यांवर ईदचा जुलूस, असे चित्र होते. मुस्लीम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला, सरकारने सुट्टी बदलली. २०२४मध्येही जुलूस असाच पुढे ढकलला गेला. मोठी गोष्ट होती ही. या शहरात मिरवणुकीच्या वाटेवरून याआधी रक्त सांडले आहे, आणि इथे एका समाजाने आपण होऊन जुलुसाचा दिवस बदलला. किती जणांना ती तारीख आठवते? जे घडले नाही त्याची बातमी होत नाही.

शेवटचा मुद्दा न्यायाचा, आणि तो थोडक्यात सांगता येतो, कारण त्यावर मतभेदाला जागा नाही. दंगल झाली, माणसे मेली, आणि कुणालाच शिक्षा झाली नाही, तर वस्ती त्यातून एकच गोष्ट शिकते : पुढच्या वेळी आपले आपणच बघायचे. हेच पुढच्या दंगलीचे बियाणे. आरोपीचे घर पाडणे हा न्याय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये ते बजावून सांगितले, आणि नागपुरात उच्च न्यायालयाला चार-पाच महिन्यांतच त्याची आठवण करून द्यावी लागली. श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला होता. शिक्षेपर्यंत गेलेले खटले मोजके. नोव्हेंबर २०२२मध्ये, दंगलीला ३० वर्षे होत आली असताना, सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले की बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी ज्या १०८ जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळालेली नाही, त्यांचा शोध घ्या. तीस वर्षे ती कुटुंबे कुठेतरी होती.

तेव्हा मित्रहो, माझी एक विनंती आहे आणि ती अगदी छोटी आहे. या आठवड्यात आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जा. मोहल्ला समितीची किंवा शांतता समितीची यादी मागा. यादीतली माणसे तुमच्या गल्लीतली आहेत का, दोन्ही-तिन्ही समाजांतली आहेत का, ते बघा. आणि शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, ते रजिस्टर उघडून विचारा. तारीख जुनी असेल, तर पुढच्या बैठकीची तारीख घेऊनच परत या.